कुमार कादंबरीचा शेवट आणि आपण वाचक

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



पहिल्या सत्रात सात-आठ वाचकांनी नुकत्याच वाचलेल्या कुमार कादंबऱ्यांबद्दल आपापली मतं सांगितली. काही वाचक शाळेतले होते, काही कॉलेजातले, दोन-तीन पालकही होते. मी मागे बसून टिपणं काढत होते. पुस्तकं वेगवेगळी, वयं वेगवेगळी, पण जवळजवळ प्रत्येकाचं बोलणं फिरून एकाच जागी येत होतं, ते म्हणजे शेवट. कोणी म्हणालं शेवट पटला नाही, कोणी म्हणालं चिकटवल्यासारखा वाटला, कोणाला तो इतका काळा वाटला की पुस्तक मुलांच्या हाती देऊ नये असं वाटलं. म्हणून आज मी शेवटाबद्दलच बोलणार आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. ‘शेवट पटला नाही’ हे मत आपण समीक्षा मानत नाही. ते बाळबोध आहे असं समजतो. समीक्षा म्हणजे रचना, भाषा, आशयसूत्रं वगैरे. मला तसं वाटत नाही. कुमार कादंबरीच्या बाबतीत तरी शेवटाबद्दलची तक्रार ही सगळ्यात गंभीर तक्रार असते. कारण लिहिणारा बहुतेक वेळा मोठा माणूस असतो आणि वाचणारा चौदा-पंधरा वर्षांचा. पुस्तक मिटताना मोठ्याने लहानाच्या हातात काय ठेवलं, हे त्या शेवटच्या पानांवर कळतं. धीर दिला, उपदेश केला, की खरं सांगितलं? तक्रार करणाऱ्या मुलाला नेमकं हेच विचारायचं असतं. त्याच्याकडे त्यासाठी शब्द नसतात, इतकंच.

मग शेवट तपासायचा कसा? सुखाचा की दुःखाचा हा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. मी एक साधा प्रश्न सुचवते. गोष्ट संपते तेव्हा त्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात असं काय उरतं, जे तिने स्वतः केलेलं आहे? लेखकाने दिलेलं नव्हे, मोठ्यांनी बहाल केलेलं नव्हे, तिने स्वतः कमावलेलं. आता हा प्रश्न घेऊन चार-पाच पुस्तकांकडे जाऊ.

सुरुवात ‘द आउटसायडर्स’पासून करू. ही कादंबरी १९६७ साली अमेरिकेत आली. एस. ई. हिंटन ही तिची लेखिका. लिहायला घेतली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि पुस्तक छापून आलं तेव्हा अठराची. म्हणजे लिहिणारा मोठा आणि वाचणारा लहान, हा जो नियम मी आत्ता सांगितला, त्याला हा अपवाद. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा गावात ती वाढली. तिथल्या गरीब आणि श्रीमंत पोरांच्या दोन टोळ्यांची ही गोष्ट आहे. चौदा वर्षांचा पोनीबॉय ती सांगतो. त्याचे दोन मित्र मरतात. शाळेत तो नापास व्हायच्या बेतात असतो. इंग्रजीचे शिक्षक म्हणतात, एक चांगला निबंध लिहून आण, मग बघू. तो लिहायला बसतो, आणि आपल्या लक्षात येतं की आपण आत्ता वाचून संपवलं ते पुस्तक म्हणजेच तो निबंध.

बघा, इथे मेलेले मित्र परत येत नाहीत. गरीब-श्रीमंत ही दरी बुजत नाही. पोनीबॉयच्या हातात एवढंच उरतं की घडलं ते त्याने स्वतः लिहून काढलं. माझ्या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर क्वचितच मिळतं. आणि याच पुस्तकाबद्दल आणखी एक हकीकत आहे. कॅलिफोर्नियात फ्रेस्नो भागातल्या एका शाळेच्या ग्रंथपालांनी आणि विद्यार्थ्यांनी १९८० साली दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला यांना पत्र लिहिलं, सह्यांचा कागद आणि पुस्तकाची प्रत जोडली, आणि या पुस्तकावर तुम्ही सिनेमा करा असं कळवलं. १९८३ साली तो सिनेमा आला. मुलांच्या मताला किंमत नसते असं कोणी म्हणालं तर त्यांना हे जरूर सांगा.

आता ज्या पुस्तकावर मघाशी सर्वांत जास्त वाद झाला त्याकडे येऊ. रॉबर्ट कॉर्मिए यांची ‘द चॉकलेट वॉर’, साल १९७४. एका कॅथलिक शाळेत निधीसाठी मुलांनी चॉकलेटं विकायची असतात, वीस हजार डबे. जेरी रेनो नावाचा नवा मुलगा नकार देतो. आधी तो शाळेतल्या गुप्त टोळीच्या सांगण्यावरून नकार देतो, नंतर टोळीचं फर्मान संपलं तरी तो स्वतःच्या मनाने नकार चालू ठेवतो. मग शाळेचा कारभार बघणारे ब्रदर लिऑन आणि मुलांची ती टोळी, दोघे मिळून त्याला चिरडतात. शेवटी मैदानावर, सगळ्या शाळेसमोर, त्याला मार बसतो. जबर जखमी झालेला जेरी आपल्या मित्राला सांगू पाहतो की विरोध करू नकोस, ते सांगतील ते कर.

एक पालक म्हणाले, हे पुस्तक मुलांना काय शिकवतं? गप्प बसायला? प्रश्न रास्त आहे आणि जुनाही आहे. अनेक प्रकाशकांनी हे हस्तलिखित परत पाठवलं होतं, शेवट बदला असंही कॉर्मिए यांना सुचवलं गेलं होतं. त्यांनी बदलला नाही. २००४ मध्ये, म्हणजे पुस्तक येऊन तीस वर्षं झाल्यावर, अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या आक्षेपार्ह ठरवल्या गेलेल्या पुस्तकांच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर होतं.

माझा प्रश्न इथे लावला तर उत्तर काय येतं? जेरीच्या हातात काहीच उरत नाही. मग हे पुस्तक फसलं का? मला वाटतं, नाही. जेरीने जे केलं ते मधल्या पानांत घडून गेलेलं आहे. वर्गात रोज नाव पुकारलं जातं आणि तो रोज नाही म्हणतो. ते ‘नाही’ त्याचं स्वतःचं आहे, आणि ते आपण वाचलेलं आहे. शेवटी तो स्वतः ते मागे घेतो, पण वाचणारा मागे घेत नाही. पुस्तक मिटल्यावर वाचणारी मुलगी चिडलेली असते, आणि कॉर्मिए यांना तिचा तो राग हवा आहे. बाकीची शाळा बघत राहिली म्हणून हे झालं, हे तिला कळलेलं असतं. पुस्तक गप्प बसायला शिकवतं असं म्हणणाऱ्यांनी जेरीचे शब्द ऐकले, पण त्याच्याभोवती जमलेली गर्दी बघितली नाही.

एक गंमत सांगते. कॉर्मिए यांना ही कल्पना सुचली ती त्यांच्या मुलामुळे. त्याने शाळेची चॉकलेटं विकायला खरोखर नकार दिला होता, आणि त्याचं काहीही बिघडलं नाही. मग बापाने विचार केला, बिघडलं असतं तर?

‘मॉकिंगजे’कडे येऊ. सुझॅन कॉलिन्स यांच्या ‘हंगर गेम्स’ मालिकेचा हा तिसरा भाग, २०१० चा. कॉलेजमधला एक मुलगा म्हणाला की शेवटचं प्रकरण चिकटवलेलं वाटतं. बहुतेकांनी माना डोलावल्या. मी अर्धीच डोलावली.

ही सगळी मालिका कॅटनिस वर्तमानकाळात सांगते. ‘मी गेले होते’ नाही, ‘मी जाते आहे’. म्हणजे पुढच्या क्षणी आपण जिवंत असू की नाही हे सांगणारीला माहीत नाही. अशा गोष्टीत अखेर जो क्षण येतो तो कमालीचा आहे. जुन्या हुकूमशहाला बाण मारायचं काम तिच्यावर सोपवलेलं असतं आणि ती बाण मारते नव्या सत्ताधारी बाईला. कारण तिला दिसलेलं असतं की नावं बदलतील आणि खेळ तोच राहील. हा निर्णय पूर्णपणे तिचा आहे. आदल्या अडीच पुस्तकांत इतरांनी तिला कधी प्यादं केलं, कधी चिन्ह केलं. इथे ती दोन्ही व्हायचं नाकारते. माझ्या मते कादंबरी खरी इथे संपते.

त्यानंतरचं छोटं प्रकरण आपल्याला बऱ्याच वर्षांनी पुढे नेतं. लग्न झालंय, दोन मुलं आहेत, कुरणात खेळताहेत. त्या मुलाची तक्रार अशी की इतक्या विध्वंसानंतर हे चित्र म्हणजे भेटकार्ड झालं. इथे मी त्याच्याशी थोडी भांडेन. त्या चित्रात कॅटनिसची दुःस्वप्नं थांबलेली नाहीत. मुलांना एक दिवस सगळं सांगावं लागणार, ही भीती आहे. माणसांनी केलेली चांगली कृत्यं ती मनात मोजत बसते, जपमाळ ओढावी तशी. हे भेटकार्ड नव्हे. पण त्याचं म्हणणं एका बाबतीत बरोबर आहे. तीन पुस्तकं एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या श्वासाबरोबर चालली आणि शेवटची दोन पानं एक प्रौढ बाई बोलते. वाचणारा अजून पंधराचाच आहे, त्याची मैत्रीण मात्र एका पानात आई झाली. तो मागे एकटा राहतो. ‘चिकटवलेलं’ हा शब्द त्याने वापरला तो या एकटेपणासाठी, असं मला वाटतं.

वाचकाच्या तक्रारीवरच बेतलेली एक कादंबरीही आहे. जॉन ग्रीन यांची ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’, २०१२. हेझल सोळा वर्षांची आहे आणि तिला कर्करोग आहे. तिचं एक आवडतं पुस्तक आहे, ते वाक्याच्या मध्येच तुटतं. मग त्यातल्या आईचं काय झालं, त्या पाळलेल्या हॅम्स्टरचं काय झालं, हे विचारायला ती आणि तिचा मित्र ऑगस्टस थेट ॲमस्टरडॅमला लेखकाच्या घरी जातात. लेखक व्हॅन हाउटन त्यांना हाकलण्याच्याच बेतात असतो. म्हणतो, पुस्तक संपलं की पात्रं संपली.

यापेक्षा चांगला प्रश्न कुठल्याही कुमार कादंबरीने विचारलेला मला आठवत नाही. कारण हेझल खरं विचारते आहे ते स्वतःबद्दल. मी वाक्याच्या मध्येच तुटले तर माझ्या आईबाबांचं काय होणार? आणि त्याचं उत्तर लेखकाकडून मिळत नाही, ते तिला घरात मिळतं. आई गुपचूप समाजकार्याचा अभ्यास करते आहे, हे तिला कळतं. म्हणजे आपल्यानंतरही आई काहीतरी असेल.

पण इथे ग्रीन यांची पकड सुटते असं माझं मत आहे. लेखकाच्या नकाराला ते तसाच उभा राहू देत नाहीत. त्याला दारुड्या करतात, आणि त्याची स्वतःची मुलगी कर्करोगाने गेली होती असं कारण पुढे आणतात. मग त्याचा नकार विचार म्हणून उरत नाही, आजार होऊन जातो. शिवाय कादंबरीचा शेवट ऑगस्टसच्या पत्रावर होतो, आणि हेझलने फक्त होकार भरायचा. जी मुलगी एवढ्या लांब उत्तर मागायला गेली, तिला शेवटी स्वतःचं असं काय मिळालं? एक सुंदर पत्र, तेही दुसऱ्याने लिहिलेलं. डोळ्यांत पाणी येतं, कबूल. पण डोळ्यांत पाणी आलं म्हणजे शेवट जमला, असं नाही.

अँजी थॉमस यांची ‘द हेट यू गिव्ह’, २०१७. स्टारच्या डोळ्यांसमोर तिचा लहानपणचा मित्र खलील पोलिसाच्या गोळीने मरतो. ती एकटीच साक्षीदार. थॉमस कॉलेजात असताना, २००९ मध्ये, ओकलंडला ऑस्कर ग्रांट या तरुणाला पोलिसाची गोळी लागली होती. त्यातून आधी एक कथा झाली आणि पुढे ही कादंबरी. यात ज्यूरी त्या पोलिसावर खटला चालवायचं नाकारते. न्याय मिळत नाही. पण स्टार, जी सुरुवातीला शाळेत एक भाषा आणि वस्तीत दुसरी भाषा बोलत होती आणि खलीलचं नाव घ्यायला घाबरत होती, ती भर रस्त्यात कर्णा हातात घेऊन बोलते. तिच्या हातात तिचा आवाज उरतो. हे कमावलेलं आहे, कारण त्याची किंमत आपण चारशे पानं बघत आलोय.

तरी एक गोष्ट खटकते. वस्तीतल्या गुंडाचं प्रकरण फार पटकन निकालात निघतं. लोक साक्ष द्यायला तयार होतात, तो तुरुंगात जातो. बाहेरच्या अन्यायाचा धागा लेखिकेने उघडा ठेवला आणि आतल्या अन्यायाला मात्र नीट गाठ मारून टाकली. कदाचित वाचकाला पूर्ण रिकाम्या हाताने पाठवायचं तिच्या जिवावर आलं असेल. मी समजू शकते. पण चौदा-पंधराचा वाचक अशी गाठ ओळखतो.

आता आपल्याकडे येऊ. मराठीत मुलांच्या हाती सगळ्यात आधी पडणारं मोठं पुस्तक म्हणजे बहुधा ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. बेचाळीस रात्री मोठा झालेला श्याम आपलं लहानपण सांगतो. म्हणजे प्रत्येक प्रसंगाचा अर्थ सांगणाऱ्याला आधीच ठाऊक आहे. ही आपली सवय आहे, मोठ्याने मागे वळून सांगायचं आणि लहानाने ऐकायचं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आला आणि तो मात्र सायकल मारत पुढेच पळाला, मागे बघायला त्याला वेळच नव्हता. प्रकाश नारायण संतांचा लंपनही वेगळा. त्या कादंबऱ्या नाहीत, कथा आहेत, पण बेळगावकडच्या त्या पोराच्या डोक्यात मोठ्या माणसाचं शहाणपण डोकावत नाही.

आणि मग २००४ ची मिलिंद बोकील यांची ‘शाळा’. मौजेने काढली ती काही कुमार कादंबरी म्हणून नव्हे. आणीबाणीचं वर्ष, नववीचा वर्ग, मुकुंद जोशी सांगतो आहे, शिरोडकर त्याला आवडते. वर्ष संपतं, शिरोडकर गाव सोडून जाते, मित्रांची टोळी विस्कटते, आणि समोर दहावी उभी असते. बस्स. कोणी मागे वळून समजूत घालत नाही.

मघाशी या पुस्तकावर दोघं बोलले, एक चाळिशीतले गृहस्थ आणि नववीतली एक मुलगी. गृहस्थांना शेवट हळवा वाटला, शाळेचे दिवस आठवले. मुलीला शेवटाची भीती वाटली. आपण हा फरक हसण्यावारी नेला, पण मला सगळ्या सत्रात तीच सर्वांत मोलाची गोष्ट वाटली. शेवट तोच, शब्द तेच. पण चाळिशीतल्या माणसासाठी तो गेलेला काळ आहे आणि चौदाव्या वर्षी तो येणारा काळ आहे. मित्र विस्कटतील, आवडलेलं माणूस न सांगता निघून जाईल, आणि परीक्षा कोणासाठी थांबणार नाही, हे तिला कळलंय. तिने ‘शाळा’ अधिक खरी वाचली असं मी म्हणेन, कारण मुकुंदा जिथे उभा आहे तिथेच ती उभी आहे.

मुकुंदाच्या हातात काय उरतं? शिरोडकरशी एकदा तरी बोलायचं धाडस त्याने केलेलं असतं. त्याचं काय व्हायचं ते झालं, पण ते त्याने केलं. एवढंच. पुरेसं आहे.

आपण मोठी माणसं मुलांसाठी पुस्तकं निवडतो ती आपल्या बाजूला उभं राहून. शेवट आपल्याला गोड वाटला की पुस्तक चांगलं, टोचला की कपाटात वर. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून आहे, त्यानंतर युवा पुरस्कारही आला. पण युवा पुरस्कार लेखकाच्या वयावर आहे, पस्तिशीच्या आतला लेखक. वाचकाच्या वयावर नाही. अमेरिकेत किशोरवयीनांच्या पुस्तकांसाठी प्रिंट्झ पुरस्कार २००० सालापासून स्वतंत्र आहे. बालसाहित्य आणि मोठ्यांचं साहित्य यांच्यामध्ये जे वय पडतं, त्याच्यासाठी आपल्याकडे वेगळा फलक नाही. म्हणून मराठी शाळेतली मुलंही या वयात इंग्रजीकडे वळतात आणि आपण म्हणतो मुलं वाचत नाहीत.

पुरस्कार आणि फलक आपल्या हातात नाहीत. पण ऐकणं हातात आहे. मूल म्हणालं शेवट आवडला नाही, तर ‘मग तू लिहून बघ’ म्हणून उडवू नका. विचारा, शेवटी तिला काय मिळालं असं तुला वाटतं? आणि ते तिने मिळवलं होतं का? मग गप्प बसा. पुढची समीक्षा मूलच करेल.

प्रश्नोत्तरे

प्रश्न (एक पालक): मॅडम, तुमचं पटतं, पण माझी मुलगी बारा वर्षांची आहे. ‘चॉकलेट वॉर’ तिला द्यावं का?

उत्तर: लगेच द्या असं मी म्हणणार नाही. आधी तुम्ही वाचा. आणि दिलंत तर शेवटच्या पानाला तिच्या आसपास असा. काळा शेवट वाचून मूल एकटं पडलं तर ते नुकसान आहे. कोणाशी तरी भांडायला मिळालं तर ते वाचन आहे. तिच्याशी भांडायची तयारी असेल तेव्हा द्या.

प्रश्न (एक विद्यार्थी): पण आशा नको का? सगळं खरंच सांगायचं म्हटलं तर वाचायचं कशाला?

उत्तर: आशा हवीच, बाळ. मी फक्त विचारते आहे की ती कोणी आणली. शेवटच्या पानावर लेखकाने आणून ठेवलेली आशा घरी जाईपर्यंत संपते. पोनीबॉय रात्री लिहायला बसतो किंवा स्टार कर्णा उचलते, तेव्हा जी आशा वाटते ती त्यांची असते, म्हणून आपल्याला उसनी घेता येते. आणि पुढचं पुस्तक वाचून झालं की तुझं मत कळव. शेवट पटला नाही तर आधी कळव.